धूळ शेतकऱ्याची, पक्षी कंपनीचा

थोडं लांबलंय. पण शिरूर-दौंड पट्ट्यात ज्याच्या दारात पोल्ट्रीचं शेड किंवा गोठा आहे, किंवा शेजाऱ्याच्या दारात आहे, त्यानं सवड काढून वाचावं ही विनंती.

आपल्याकडं पोल्ट्रीवरून गावात भांडण लागलं की ते दोनच गोष्टींवरून लागतं. माश्या आणि वास. ग्रामसभेत ठराव माश्यांवर, तहसीलला निवेदन वासावर. धुळीवरून भांडण झालेलं मी तरी अजून ऐकलेलं नाही. माशी ताटात बसते, वास जेवू देत नाही, म्हणून माणसाला राग येतो. धूळ गुपचूप येते. पत्र्यावर बसते, वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते आणि उरलेली छातीत जाते. तिच्यासाठी कोण कशाला तहसीलला जाईल?

आधीच सांगतो, मी पोल्ट्रीच्या विरोधातला माणूस नाही. न्हावरे-चौफुला रस्त्याच्या आतल्या अंगाला माझं स्वतःचं ब्रॉयलरचं शेड आहे, करारावरचं. पाबळ, केंदूर, कान्हूर मेसाईकडं पाण्यावाचून जमिनी पडून राहायच्या, तिथं या धंद्यानं कितीतरी घरं सावरली. भीमेच्या पलीकडं दौंडच्या बागायतीतसुद्धा उसाचं बिल येईस्तोवर घरखर्च दुधावर आणि कोंबड्यांवर निघतो. हा धंदा टिकला पाहिजे. म्हणूनच लिहितोय.

पहिली गोष्ट, शेडमधली धूळ म्हणजे रस्त्यावरची माती नव्हे. नगर रोडला डंपर गेल्यावर उडते ती माती. शेडमध्ये उडतो तो पिसांचा चुरा, पक्ष्याच्या कातडीचा कोंडा, वाळून पीठ झालेली विष्ठा, तुसाची कुसळं, खाद्याची भुकटी आणि बुरशीचे कण. त्यातच मेलेल्या जिवाणूंच्या आवरणातलं विष असतं, शास्त्रात त्याला एंडोटॉक्सिन म्हणतात. मोठा कण नाकात अडकतो, शिंकरला की तपकिरी निघतो, आपल्याला वाटतं झालं, निघाली धूळ. पण माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो आणि यातले पाच मायक्रॉनच्या आतले कण थेट फुफ्फुसाच्या तळाशी जातात. सोबत अमोनियाही घेऊन जातात. गळ्यातला टॉवेल तोंडाला गुंडाळून या कणांना काही होत नाही. टॉवेलानं अडते ती दिसणारी धूळ.

पिल्लू आलं तेव्हा नवा तूस असतो, हवा बरी असते. पक्षी वाढतो तशी धूळ वाढते. शेवटच्या आठवड्यात पहाटे शेडमध्ये लाईट लावला की बल्बभोवती धुकं दिसतं. आणि सगळ्यात वाईट लिफ्टिंगची रात्र. पाच-सहा पोरं, अंधारात, हजारो पक्षी पायाला धरून क्रेटमध्ये भरतात. पक्षी फडफडतो, खालचा लिटर उसळतो. ती पोरं सकाळी गाडीच्या टपावर बसून जाताना बघा कधी. पापण्यांच्या केसांवरसुद्धा धूळ असते. एका रात्रीत दोन-तीन शेडं करतात ती.

बॅच गेली की कोंबडखत काढायचं. ज्यांनी हे काम केलंय त्यांना मी पुढं सांगतो ते नवीन नाही. दुपारभर खोऱ्यानं खत ओढलं, गोण्या भरल्या. रात्री कणकण. थंडी वाजून ताप, अंग ठणकतंय, कोरडा खोकला. दुसऱ्या दिवशी, फार तर तिसऱ्या दिवशी, ताप गायब. आपण म्हणतो दगदग झाली, ऊन लागलं. डॉक्टरकडं गेलो तर व्हायरल म्हणून एक इंजेक्शन आणि गोळ्या. हा ताप व्हायरल नाही. सेंद्रिय धुळीत काम केल्यावर चार ते आठ तासांनी येणारा हा ताप वैद्यकात नोंदलेला आहे. ऑरगॅनिक डस्ट टॉक्सिक सिंड्रोम असं त्याचं नाव. एकदा आला तर उतरतो. वर्षाला सहा बॅच, अशी दहा वर्षं काढली तर पुढं जुनाट खोकला, दमा, जिना चढताना धाप. तेव्हा मात्र लोक म्हणतात, वय झालं.

१७०० साली इटलीतल्या बर्नार्डिनो रामाझिनी नावाच्या डॉक्टरानं कामकऱ्यांच्या आजारांवर पुस्तक लिहिलं. त्यात धान्य चाळणाऱ्या आणि मापणाऱ्या लोकांच्या धुळीच्या आजारावर वेगळं प्रकरण आहे. त्यानं डॉक्टरांना सांगून ठेवलंय की रोग्याला नेहमीच्या प्रश्नांबरोबर आणखी एक प्रश्न विचारत जा, तू काम काय करतोस? सव्वातीनशे वर्षं झाली. आपल्या गावच्या दवाखान्यात हा प्रश्न तुम्हाला कुणी विचारला असेल तर त्या डॉक्टरचं मला कौतुक वाटेल.

आता आकडे. अमेरिकेत आयोवा विद्यापीठातल्या केली डॉनहॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पोल्ट्रीतल्या कामगारांची फुफ्फुसं तपासली आणि २००० साली मर्यादा सुचवली. एक घनमीटर हवेत एकूण धूळ २.४ मिलिग्रॅम, त्यातली खोल जाणारी ०.१६ मिलिग्रॅम, अमोनिया १२ पीपीएम. याच्या वर गेलं की फुफ्फुसाची ताकद कमी होताना दिसते. तिथल्या कारखान्यात साध्या धुळीला कायदा १५ मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेतो. म्हणजे कोंबडीच्या शेडमधली धूळ साध्या धुळीपेक्षा सहापट कडक मापानं मोजायची गोष्ट आहे. माझ्या शेडमध्ये इतक्या वर्षांत वजनकाटा घेऊन माणूस आला, थर्मामीटर घेऊन आला, मेलेले पक्षी मोजायला आला. धूळ मोजायचं यंत्र घेऊन कुणीही आलेलं नाही.

आणि असं नाही की आपल्या भागात हवा गाळायची अक्कल कुणाला नाही. रांजणगाव एमआयडीसीत मोटारीचा कारखाना आहे. मोटारीला रंग देतात त्या खोलीत बाहेरची हवा अशीच सोडत नाहीत, गाळून सोडतात. कारण ओल्या रंगावर धुळीचा एक कण बसला तरी दरवाजा परत घासायला लागतो. पत्र्याच्या दरवाजाला गाळलेली हवा, आणि तिथून तासाभराच्या अंतरावर शेडमध्ये राबणाऱ्या बाईला पदर. कारखानदार वाईट आणि शेतकरी बिचारा असलं रडगाणं मला गायचं नाही. रंग बिघडला तर खर्च कारखान्याच्या वहीत पडतो, म्हणून तिथं फिल्टर आहे. आपल्याकडं छाती बिघडली तर खर्च कुणाच्याच वहीत पडत नाही. म्हणजे पडतो, बाईच्या मंगळसूत्रावर पडतो. पण कंपनीच्या वहीत नाही.

इथं करारावर बोलायला लागेल.

करारशेती म्हणजे काय ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. पिल्लू कंपनीचं, खाद्य कंपनीचं, औषध-लस कंपनीची, पक्षी विकायचा कुठं आणि केव्हा हे कंपनी ठरवणार. शेड, वीज, पाणी, तूस, मजुरी शेतकऱ्याची. शेवटी किलोमागं ठरलेला दर मिळतो, त्यात मर जास्त झाली की कपात, खाद्य जास्त खाल्लं की कपात. पक्षी एक दिवसही माझ्या मालकीचा नसतो. पण त्यानं उडवलेली धूळ मात्र पहिल्या दिवसापासून माझी. करारनाम्यात लसीचं आहे, पडद्याचं आहे, बल्ब किती वॅटचे ते आहे, परक्या माणसाला शेडमध्ये घेऊ नये हे आहे. धुळीचा शब्द नाही. मास्कचा नाही. मी एकदा सुपरवायझरला म्हटलं, बॅचला डझनभर मास्क तरी देत जा. तो हसला. म्हणाला, दादा, ते तुमच्या खर्चात. त्या पोराला मी दोष देत नाही, त्यालाही त्याच शेडमध्ये उभं राहायचं असतं, दिवसाला आठ-दहा शेडं फिरतो तो.

आणि माझ्याही खाली एक माणूस आहे, हे विसरून चालणार नाही. ‘पोल्ट्रीवर कामासाठी जोडपे पाहिजे’ अशी जाहिरात आपण सगळेच टाकतो. राहायला खोली शेडला लागूनच. बहुतेक ठिकाणी पगार एकाचा, काम दोघांचं. पोर असलं तर ते रात्रंदिवस त्याच हवेत. मालक सकाळ-संध्याकाळ चक्कर मारतो आणि घरी जातो, जोडपं तिथंच झोपतं. माणूस आठ तासांच्या कामात साधारण दहा घनमीटर हवा ओढतो. त्या पोराचे तास कोण मोजणार?

आता फिल्टरवाल्यांकडं येतो. कारण ही पोस्ट लिहायला निमित्त तेच झाले.

गेल्या काही वर्षांत आपल्याकडं ईसी शेड यायला लागलीत. बंद शेड, एका टोकाला ओले पॅड, दुसऱ्या टोकाला मोठाले पंखे. तापमान हातात राहतं, पक्षी जास्त बसतात, मर कमी. चांगली गोष्ट आहे. त्यामागोमाग प्रदर्शनांतून माणसं फिरायला लागली, शेडला एअर फिल्टर बसवा, धूळ शून्य, रोग शून्य. माहितीपत्रकावर पांढरीशुभ्र कोंबडी आणि निळं आभाळ. असा एक जण माझ्याकडंही येऊन गेला. त्याला मी दोन प्रश्न विचारले, ते तुम्हीही विचारत जा.

पहिला प्रश्न, हवा किती गाळणार? ईसी शेडचा ४८-५० इंची एक पंखा तासाला ढोबळमानानं ३५ ते ४० हजार घनमीटर हवा फेकतो. असे आठ पंखे धरले तर तीन लाख घनमीटर. पुण्यात लोक दिवाळीच्या धुरानंतर घरात जे प्युरिफायर लावतात, त्यातलं साधं यंत्र तासाला तीनेकशे घनमीटर हवा गाळतं. म्हणजे एका शेडला असली हजार यंत्रं लागतील. बरं, मोठ्ठा फिल्टर पंख्यावरच बसवू म्हणाल, तर हे पंखे भरपूर हवा ढकलण्यासाठी असतात, जोर लावून ओढण्यासाठी नव्हे. पंचवीस-तीस पास्कल दाबाच्या अडथळ्यावर चालायला ते बनवलेले. दाट फिल्टर कोराकरकरीत असतानाच शंभराच्या वर पास्कल अडवतो. त्यावर पिसांचा थर बसला की पंखा नुसता घुमणार, हवा येणार नाही. मे महिन्यात दुपारी ईसी शेडची हवा थांबली तर काय होतं हे ज्यानं एकदा जनरेटर बंद पडल्यावर बघितलंय, त्याला सांगायची गरज नाही.

दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. फिल्टरचं तोंड कुणाकडं? आत येणारी हवा गाळणार, की बाहेर जाणारी, की आतल्या आत फिरणारी? अमेरिकेत मिनेसोटा, आयोवाकडं डुकरांच्या मोठ्या प्रजनन फार्मवर हवा गाळायची पद्धत बसली, पण ती आत येणारी हवा. पीआरआरएस नावाचा विषाणू शेजारच्या फार्मवरून वाऱ्यानं येऊ नये म्हणून. म्हणजे तो फिल्टर डुकरासाठी आहे. आत डुकरांनी उडवलेल्या धुळीला आणि ती ओढणाऱ्या माणसाला त्याचा काही उपयोग नाही. आपल्याकडंही चांगल्या हॅचरीत हवा गाळून घेतात. पिल्लू अंड्यात असेपर्यंत त्याला गाळलेली हवा मिळते. ते आमच्या शेडमध्ये आल्यावर तो लाडही संपतो आणि माणसाचा तर कधी सुरूच झालेला नसतो.

जो फिल्टर विकायला येतो तो बहुतेक आत येणाऱ्या हवेचा येतो, कारण पक्षी वाचला तर पैसे दिसतात. बाहेर फेकलेल्या हवेचं कुणी बोलत नाही. साधा हिशेब करा. बाहेर जाणाऱ्या हवेत घनमीटरला फक्त एक मिलिग्रॅम धूळ धरा, तरी सगळे पंखे चालू असताना तासाला ३०० ग्रॅम, चोवीस तासांत सात किलोच्या वर. रोज. पंख्यासमोर जी वस्ती असेल तिच्यावर. उघड्या शेडची धूळ निदान चहूबाजूंनी विखुरते. ईसी शेड ती एका दिशेला तोंड करून फेकतं. तेव्हा नवीन शेड बांधणाऱ्यांनो, पंखे कुणाच्या घराकडं तोंड करून बसवताय एवढं तरी बघा. यासाठी फिल्टर लागत नाही.

नेदरलँड्समध्ये कोंबड्यांची शेडं आणि घरं एकमेकांना खेटून आहेत, आपल्या वाडीवस्तीसारखीच. तिथं सरकारनं शेजाऱ्यांच्या तब्येतीचा मोठा अभ्यास करवला, २०१६ मध्ये अहवाल आला. पोल्ट्रीजवळ राहणाऱ्यांना न्यूमोनिया होण्याची शक्यता जास्त दिसली. तिथं यावर संसदेपर्यंत वाद झाले, शेतकरीही चिडले, मग शेडमधली धूळ कमी करायच्या पद्धतींचं सरकारी मोजमाप झालं. कुठल्या पद्धतीनं किती टक्के, हे तिथं कागदावर आहे. एक पद्धत हवेतल्या कणांना विजेचा भार देऊन ते छताला, भिंतीला चिकटवायची. दुसरी तेलाचा अगदी बारीक फवारा लिटरवर मारायची, त्यानं धूळ निम्म्याच्या आसपास उतरते. तैवानमध्ये पंख्यांपुढं थोडं अंतर सोडून आडोशाची भिंत उभी करतात. हवा आपटून वर जाते, जड धूळ तिथंच खाली बसते.

यातलं आपल्याला काय जमेल? माझं मत सांगतो, पटलं नाही तर भांडा. शेडनेटची आडोशाची भिंत आजच जमेल, पंख्याला गुदमरवेल इतकी जवळ नको. तिच्यामागं झाडांच्या दोन-तीन रांगा, दाट पानांच्या, दोन-तीन वर्षांत उभ्या राहतात. अमेरिकेत डेलावेअरच्या पोल्ट्री पट्ट्यात याच कामासाठी झाडं लावून घेतात. लिटर फार सुकलं की धूळ आणि फार ओलं झालं की अमोनिया, म्हणून विसेक ते तीस टक्के ओल धरून ठेवायची. हे मूठभर लिटर दाबून कळतं, आपल्या बायकांना हे मशीनपेक्षा चांगलं कळतं. कोंबडखत काढायच्या आधी हलका फवारा मारायचा. कोंबडखत काढताना आणि लिफ्टिंगला एन-९५ मास्क, कापडाचा नाही. आणि फिल्टर जिथं खरोखर शोभतो तिथं लावा, म्हणजे जोडपं झोपतं त्या खोलीत. खोली छोटी, हवा थोडी, तिथं साधं यंत्रही काम करतं. तीन लाख घनमीटर गाळता येत नाही म्हणून त्या पोराची दहा बाय दहाची खोलीही गाळायची नाही, असं थोडंच आहे.

पण हे सगळं पुन्हा शेतकऱ्याच्याच खिशातून? इथंच माझं खरं भांडण आहे. धूळ आणि अमोनिया कमी झाला की पक्ष्याचा श्वास सुधारतो, सीआरडी कमी होतो, खाद्य अंगाला लागतं. म्हणजे फायदा एफसीआरमध्ये दिसतो, आणि त्यातला मोठा वाटा पक्ष्याच्या मालकाचा. गोणीच्या तळाला भुकटी किती निघते हे खाद्य बनवणाऱ्याच्या हातात आहे, माझ्या नाही. मग भिंत माझी, झाडं माझी, मास्क माझे आणि एफसीआर त्यांचा, हा कुठला न्याय? कंपनीनं किलोमागं काही पैसे हवेसाठी वेगळे धरावेत, जसे लसीसाठी धरते. लस पक्ष्याला देतात तेव्हा ती कुणाला खर्च वाटत नाही.

कायदा नाही असं म्हणायची सोय नाही. सप्टेंबर २०२० मध्ये राष्ट्रीय हरित लवादानं लहान पोल्ट्रीला दिलेली सूट चुकीची ठरवली. त्यानंतर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं सूचना सुधारल्या आणि ५,००० पक्ष्यांच्या वरचं शेड हवा कायदा, पाणी कायद्याच्या संमतीत आणलं. छान झालं. पण संमती कुणाच्या नावानं? शेडमालकाच्या. म्हणजे एक लाख पक्षी वीस शेतकऱ्यांच्या शेडांत वाटले की कंपनी कुठल्याच कागदावर नाही आणि वीस शेतकरी वीस अर्ज घेऊन फिरतायत. त्यातही ४,९०० पक्ष्यांची धूळ काय सोवळी असते का? पक्षी ज्याचा, संमती त्याची, असा नियम करा आणि मग बघा धूळ मोजायची यंत्रं कशी चटाचट येतात.

सरकारचा पैसाही या धंद्यात आहे. २०२० साली केंद्रानं पशुसंवर्धनाच्या पायाभूत सुविधांसाठी १५,००० कोटींचा निधी जाहीर केला, व्याजात तीन टक्के सवलत. त्यातून खाद्याचे कारखाने उभे राहतात, प्रक्रिया उद्योग उभे राहतात. जनतेच्या पैशातून व्याजसवलत घेणाऱ्या कंपनीला एवढी अट घाला की तुझ्या करारावरच्या प्रत्येक शेडमध्ये वर्षातून दोनदा धूळ आणि अमोनिया मोजला जाईल आणि आकडा ग्रामपंचायतीच्या फलकावर लागेल. एवढ्यानं कुणाचं दिवाळं निघत नाही.

जानेवारी २०२१ आठवा. परभणीच्या मुरुंब्यात पक्षी मेले, मग आपल्या बोरीबेलचंही नाव आलं. तेव्हा बर्ड फ्लूच्या शेडांत सरकारी माणसं डोक्यापासून पायापर्यंत किट घालून शिरली. बरोबरच होतं ते. पण त्या वेळी सगळ्यांना एका दिवसात कळलं की शेडमधली हवा माणसाला धोक्याची असू शकते. साथ ओसरली, किट गेले, आणि ती हवा परत आपल्यासाठी सुरक्षित झाली. बिबट्या आला की आपण रस्त्यावर उतरतो, उतरायलाच पाहिजे, माणसं गेलीत आपली. धुळीनं गेलेला माणूस मात्र दम्यानं गेला असं म्हणून तेराव्याला जेवून येतो.

गोठ्यांबद्दल थोडक्यात. गाई-म्हशींचा गोठा बहुधा उघडा असतो, तिथली हवा शेडपेक्षा बरी. पण कडबाकुट्टीचं यंत्र चालतं त्या कोपऱ्यात जाऊन बघा. यंत्राला अनुदान मिळतं, त्याच्या तोंडाला धूळ अडवणारं झाकण असावं असं कुणाला वाटत नाही. बुरशी धरलेल्या कडब्याची ती धूळ सगळ्यात वाईट, आणि पेंढी घालायला उभी असते घरातली बाई किंवा सासू. कुट्टी करायच्या आधी कडब्यावर पाणी शिंपडलं तरी फरक पडतो. मुक्त गोठ्यातही उन्हाळ्यात वाळलेल्या शेणाचा भुगा उडतो, तिथं संध्याकाळी पाणी मारणारे चार लोक मला माहीत आहेत, बाकीच्यांनी त्यांच्याकडं बघून शिकावं.

मला दोन उत्तरं ठरलेली मिळतात. एक, शेतकऱ्याच्या पोराला धुळीची सवय असते. सवय नाकाला होते, फुफ्फुसाला होत नाही. महिन्याभरानं वास येईनासा होतो म्हणून अमोनिया गेलेला नसतो. दुसरं, धंदा आधीच मेटाकुटीला आलाय, आता हे नवीन काढू नका, कंपन्या तालुका सोडून जातील. जातील कुठं? पुणं-मुंबईचं गिऱ्हाईक इथं जवळ आहे, रस्ते इथं आहेत, शेडं आम्ही कर्ज काढून बांधून ठेवलीत. आणि एकटा शेतकरी बोलला तर त्याला पिल्लं मिळणार नाहीत हे मला पक्कं माहीत आहे. म्हणून तर हे सगळ्यांसमोर लिहितोय.

माझा करारनामा चालू बॅचनंतर संपतोय. नवा कागद येईल तेव्हा त्यात तीन ओळी लिहून देणार आहे: प्रत्येक बॅचला काम करणाऱ्या माणसांच्या हिशेबानं एन-९५ मास्क कंपनीनं द्यायचे, वर्षातून दोनदा शेडमधली धूळ आणि अमोनिया कंपनीच्या खर्चानं मोजून आकडा लेखी द्यायचा, आणि लिफ्टिंगच्या पोरांनाही हेच लागू. सही झाली तर कागदाचा फोटो इथं टाकेन. नाही झाली तर शेड रिकामं राहील, बँकेचा हप्ता मात्र दर महिन्याच्या दहा तारखेला आहेच. शिरूर आणि दौंडमधल्या ज्या करारवाल्यांचा कागद येत्या दोन-तीन महिन्यांत संपतोय त्यांनी मला मेसेज करा. आपापल्या करारनाम्याची प्रत सोबत ठेवा, दर कितीचा आहे ते झाकलंत तरी चालेल.